चूल, कुटुंब आणि शिधापत्रिका
पेण-रोहा परिसराच्या संदर्भात कुटुंबनोंदींचा अभ्यास

रास्त भाव दुकानाचा ग्राहक हा इतर दुकानांच्या ग्राहकांहून वेगळा असतो. वाण्याच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस स्वतंत्र गिऱ्हाईक असतो. शिधावाटपाच्या दुकानात मात्र ग्राहक असते ते कुटुंब. धान्य नेण्यास सून येवो, आजोबा येवोत की मोठा मुलगा येवो, नोंद होते ती एकाच शिधापत्रिकेवर. म्हणून या दुकानातील व्यवहाराची शुद्धता वजनकाट्याइतकीच कुटुंबाच्या नोंदीवर अवलंबून असते. सहा माणसांच्या घरातील एकाचे नाव पत्रिकेवर नसेल, तर पाच जणांचे धान्य सहा जणांत वाटून घेण्याची वेळ त्या घरावर येते.

पूर्वी ही नोंद पुरवठा शाखेच्या नोंदवहीत आणि दुकानदाराच्या बाडात असे. आता ती संगणकावर आहे. राज्यातील पत्रिकाधारक कुटुंबांची माहिती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या शिधापत्रिका व्यवस्थापन प्रणालीत साठविली जाते आणि दुकानातील ई-पॉस यंत्र त्या माहितीच्या आधारेच धान्य द्यावयाचे किंवा नाही हे ठरविते. वहीतील चूक दुकानदाराला ओळखीने सावरून घेता येत असे. यंत्राला माणसांची ओळख नसते. त्यामुळे नोंद कशी बांधलेली असते, ती कोणत्या प्रसंगी बदलावी लागते आणि ती बदलताना कोणती दक्षता घ्यावी, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या सर्वांनी समजून घेणे आवश्यक झाले आहे.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. दोन्ही ठिकाणी नगर परिषद आहे आणि तालुक्यांचा उरलेला भाग ग्रामीण आहे. पेणमध्ये खारेपाटातील भातशेती, हमरापूर-जोहे परिसरातील गणेशमूर्तींचे कारखाने आणि डोंगराच्या कडेच्या आदिवासी वाड्या आहेत. रोह्यात कुंडलिकेच्या खोऱ्यातील शेती, धाटावची औद्योगिक वसाहत आणि तेथे परप्रांतांतून आलेले कामगार आहेत. दोन्ही तालुक्यांत कातकरी समाजाची वस्ती आहे. एका जागी स्थिर असलेले, कामासाठी येणारे आणि कामासाठी जाणारे, अशी तिन्ही प्रकारची कुटुंबे येथे एकाच वेळी आढळतात.

कुटुंब म्हणजे काय?

मराठीत भाऊ वेगळे झाले असे सांगताना 'चूल वेगळी झाली' असे म्हणतात. लोकव्यवहारातील ही व्याख्या शासकीय व्याख्येच्या अगदी जवळ आहे. जनगणनेतही सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्तींच्या समूहास कुटुंब मानले जाते. रक्ताचे नाते, शेतजमिनीतील हिस्सा किंवा घरपट्टीच्या वहीतील नाव यांवरून कुटुंब ठरत नाही. एका घर क्रमांकाखाली दोन चुली असू शकतात आणि एकाच सातबाऱ्यावर नावे असलेले चार भाऊ चार कुटुंबांचे असू शकतात. ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही मालमत्तेची असते, शिधापत्रिका माणसांची असते. एकीवरून दुसरी जशीच्या तशी उतरविण्याचा मोह टाळला पाहिजे.

मुंबईत शिधावाटप सुरू झाले ते १९४३ साली, युद्धकाळात. तेव्हापासून पत्रिका हे कुटुंबाचे ओळखपत्रच होऊन बसले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशी तिरंगी पत्रिकांची योजना अमलात आली. केंद्र शासनाने २५ डिसेंबर २००० रोजी अंत्योदय अन्न योजना सुरू केली. पुढे राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ आला आणि राज्यात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून झाली. या अधिनियमाखाली अंत्योदय कुटुंब आणि प्राधान्य कुटुंब असे दोन प्रवर्ग आहेत. पत्रिकेचा रंग आणि लाभाचा प्रवर्ग या दोन स्वतंत्र बाबी आहेत. केशरी पत्रिका असलेली सर्वच कुटुंबे प्राधान्य प्रवर्गात येत नाहीत. राज्याने प्राधान्य प्रवर्गासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये व शहरी भागात ५९,००० रुपये ठरविली. त्यामुळे पेण शहरातील घर आणि शेजारच्या गावातील घर यांना वेगवेगळी मर्यादा लागू होते. पत्ता बदलला की पात्रतेचा विचारही नव्याने करावा लागतो तो यामुळेच.

नोंदीच्या दोन पातळ्या

संगणकातील कुटुंबनोंद नीट समजण्यासाठी एक भेद मनात पक्का असावा लागतो. तेथे दोन प्रकारच्या नोंदी असतात : एक कुटुंबाची, दुसरी व्यक्तीची.

कुटुंबाच्या नोंदीत पत्रिकेचा १२ अंकी क्रमांक, पत्ता, जोडलेले रास्त भाव दुकान, उत्पन्न आणि प्रवर्ग ही माहिती असते. व्यक्तीच्या नोंदीत नाव, जन्मतारीख, लिंग, आधार क्रमांक आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते ही माहिती असते. व्यक्तीला कुटुंबाशी जोडणारा दुवा म्हणजे तिचे त्या पत्रिकेवरील सदस्यत्व. हा दुवा बदलतो. व्यक्ती बदलत नाही. मुलगी सासरी गेली तरी तिचे नाव, जन्मतारीख व आधार क्रमांक तेच राहतात. ती कोणत्या चुलीवर जेवते एवढेच बदलते.

वरवर पाहता हा भेद पुस्तकी वाटेल. परंतु व्यवहारातील बहुतेक अडचणींचे मूळ तो न पाळण्यात असते. आडनाव बदलले म्हणून विवाहित मुलीची नवीनच व्यक्ती म्हणून नोंद केली, तर जुनी नोंद माहेरच्या पत्रिकेवर तशीच राहते आणि तिचा आधार क्रमांक दोन ठिकाणी आढळतो. उलट, एका व्यक्तीसंबंधीची शंका संपूर्ण कुटुंबाला लागू केली, तर एकाच्या त्रुटीमुळे साऱ्या घराचे धान्य थांबते. ज्या पातळीवरची अडचण असेल त्याच पातळीवर तिचे निवारण व्हावे, हा कुटुंबनोंदींच्या व्यवस्थापनाचा पहिला नियम होय.

धान्य उचलतानाही या दोन पातळ्या एकत्र काम करतात. पत्रिकेवर नाव असलेल्या व आधार जोडलेल्या कोणत्याही एका सदस्याने ओळख पटविली की संपूर्ण कुटुंबाचे धान्य मिळते. म्हणजे ओळख व्यक्तीची आणि हक्क कुटुंबाचा. शेतीकामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत अशा वृद्धांच्या घरी निदान दोन-तीन सदस्यांची आधार जोडणी पूर्ण असणे किती उपयोगाचे ठरते, हे यावरून ध्यानी येईल.

समूहाचे गणित

एकाच माणसांची मांडणी वेगवेगळ्या प्रकारे केल्यास धान्याचे प्रमाण बदलते. अंत्योदय कुटुंबास सदस्यसंख्या कितीही असली तरी दरमहा ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबास प्रत्येक व्यक्तीमागे दरमहा ५ किलो मिळते. हे धान्य १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य दिले जात असून १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी ही सवलत पुढे चालू ठेवण्यात आली आहे.

आता हिशोब पाहावा. दोन वृद्धांच्या अंत्योदय कुटुंबात माणशी साडेसतरा किलो धान्य येते. सात माणसांच्या कुटुंबात दोन्ही प्रवर्गांचे प्रमाण सारखेच, म्हणजे माणशी ५ किलो होते. कुटुंबात दहा माणसे असतील, तर अंत्योदय पत्रिकेवर माणशी साडेतीन किलोच पडते. तीच दहा माणसे प्राधान्य प्रवर्गात असती तर त्यांना एकूण ५० किलो मिळाले असते. याचा अर्थ, सर्वांत गरीब म्हणून निवडलेल्या घरातच चुली वेगळ्या होऊनही पत्रिका एकत्र राहिली, तर त्या घराचा तोटा होतो.

प्राधान्य कुटुंबात हिशोब सरळ असतो. तेथे एक नाव सुटले की महिन्याला ५ आणि वर्षाला ६० किलो धान्य कमी येते. अधिनियमात व्यक्तीच्या वयाचा भेद नाही. तान्ह्या बालकाचे नाव दाखल झाले की त्याच्या वाट्याचे पूर्ण ५ किलो त्या घरात येतात. बाळंतिणीच्या घरी त्याचे मोल काय असते, हे निराळे सांगावयास नको.

या गणिताला दुसरी बाजूही आहे. अधिनियमाखालील लाभार्थ्यांची संख्या मर्यादित आहे. महाराष्ट्रात ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के व शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के, मिळून ७ कोटी १६ हजार व्यक्ती ही कमाल मर्यादा आहे. या मर्यादेत ठरलेल्या संख्येला इष्टांक म्हणतात. मृत व्यक्तीचे नाव पत्रिकेवर राहिले, तर इष्टांकातील एक जागा अडून राहते आणि एखादी जिवंत, पात्र व्यक्ती बाहेर थांबते. त्यामुळे नाव वेळेवर कमी करणे हे नाव वेळेवर वाढविण्याइतकेच गरिबांच्या हिताचे आहे.

कुटुंबप्रमुख कोण?

समूहाच्या नोंदीला एक प्रमुख असावा लागतो; कारण इतरांची नाती त्याच्या संदर्भात लिहिली जातात. अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम १३ नुसार पत्रिका देण्याच्या प्रयोजनार्थ कुटुंबातील १८ वर्षे वा त्याहून अधिक वयाची ज्येष्ठतम स्त्री ही कुटुंबप्रमुख होय. अशी स्त्री कुटुंबात नसेल तर ज्येष्ठतम पुरुष प्रमुख ठरतो आणि घरातील मुलगी १८ वर्षांची झाली की हे स्थान तिच्याकडे येते.

प्रमुख बदलला की सर्व सदस्यांची नाती पुन्हा तपासावी लागतात, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते. पूर्वी आजोबांच्या नावे असलेली पत्रिका आजीच्या नावे झाली, तर 'मुलगा' हा मुलगाच राहतो. परंतु आजोबांच्या भावाची नोंद 'भाऊ' अशीच राहिली तर ती चुकीची ठरते. नात्यातील अशा विसंगतीमुळे पुढे नाव कमी करताना किंवा विभक्त पत्रिका देताना संभ्रम होतो. प्रमुखाचा मृत्यू झाला म्हणून पत्रिका रद्द होत नाही, हेही लोकांना समजावून दिले पाहिजे. पत्रिका कुटुंबाची असते. प्रमुख हा केवळ त्या नोंदीचा पहिला धागा असतो. नव्या प्रमुखाची नोंद होईपर्यंत उरलेल्या सदस्यांचा हक्क अबाधित असतो.

बदलाचे चार प्रसंग

जन्म, विवाह, मृत्यू आणि विभक्त होणे हे कुटुंबाच्या नोंदीत बदल घडविणारे चार मुख्य प्रसंग होत. यांपैकी पहिल्या तिहींची माहिती ग्रामपातळीवर आधीच उपलब्ध असते. जन्म व मृत्यू यांची नोंद १९६९ च्या अधिनियमानुसार होते आणि विवाहाची नोंदणी राज्याच्या १९९८ च्या अधिनियमाखाली केली जाते. ग्रामीण भागात ही कामे ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजेच पूर्वीचे ग्रामसेवक, पाहतात. मात्र या वह्यांतील नोंद झाली म्हणजे शिधापत्रिकेवरील नोंद आपोआप झाली, असा समज बाळगू नये. त्यासाठी कुटुंबाने तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे किंवा ऑनलाइन प्रणालीद्वारे अर्ज करावा लागतो.

विवाहाचा प्रसंग सर्वांत नाजूक असतो. समजा, रोहा तालुक्यातील एका गावची मुलगी पेण तालुक्यातील खारेपाटात दिली. माहेरच्या पत्रिकेवरून नाव कमी करण्याचे काम रोह्याच्या पुरवठा शाखेचे आणि सासरच्या पत्रिकेवर ते वाढविण्याचे काम पेणच्या शाखेचे. माहेरचे नाव कमी झाल्याशिवाय सासरी ते दाखल होत नाही, कारण एक व्यक्ती एकाच वेळी दोन कुटुंबांत असू शकत नाही. हा नियम योग्यच आहे. परंतु माहेरचे नाव कमी झाले आणि सासरचा अर्ज पडून राहिला, तर मधल्या काळात ती स्त्री कोणत्याच कुटुंबाची राहत नाही. पुष्कळदा हाच काळ तिच्या पहिल्या बाळंतपणाचा असतो आणि आईचेच नाव नसल्यामुळे बाळाच्या नावाचाही खोळंबा होतो. म्हणून नाव कमी केल्याचा दाखला देतानाच सासरी अर्ज करण्याची सूचना द्यावी आणि दोन्ही अर्ज ही एकाच बदलाची दोन टोके आहेत असे समजून त्यांचा पाठपुरावा करावा. याला नाव काढणे म्हणण्यापेक्षा नाव हलविणे म्हणणे अधिक सार्थ ठरेल.

विभक्त होण्याचा प्रसंग वेगळी काळजी मागतो. दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तर विभक्त पत्रिका मागण्याचा त्यांना अधिकार आहे. मात्र चूल खरोखर वेगळी झाली आहे काय, याची खात्री करणे हे पुरवठा निरीक्षकाचे काम आहे. नव्या पत्रिकेला प्रवर्ग मिळतो तो पात्रता आणि इष्टांक पाहून; जुन्या पत्रिकेचा प्रवर्ग तिच्याकडे आपोआप येत नाही, ही गोष्ट अर्जदाराला आधीच सांगावी. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे : वृद्ध आईवडील कोणत्या चुलीवर जेवतात? आईचे नाव थोरल्याच्या पत्रिकेवर आणि ताट धाकट्याच्या घरी, अशी स्थिती झाली तर तिच्या वाट्याचे धान्य तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कागदावर सर्व काही बरोबर दिसत असते. अन्याय मात्र होत राहतो.

स्थलांतर करणारी कुटुंबे

कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात होय. कोलाम व माडिया गोंड या इतर दोन. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ रोजी दिलेल्या आदेशानुसार आदिम जमातींतील कुटुंबे अंत्योदय पत्रिकेस पात्र ठरतात. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनजाती आदिवासी न्याय महाअभियानातही या समाजाचा समावेश आहे. जिल्ह्यातील आदिवासी विकासाच्या कामासाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेण येथेच आहे. कातकरी वाडीवरील तरुण जोडप्याची चूल वेगळी झाली असेल, तर त्याला विभक्त अंत्योदय पत्रिका मिळवून देण्याचे महत्त्व वर दिलेल्या गणितावरून स्पष्ट होईल.

दिवाळीनंतर या वाड्यांवरील अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांच्या कामासाठी बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. काही परजिल्ह्यात, तर काही थेट परराज्यात जातात. अशा वेळी वाडीवर भेट देणाऱ्या कर्मचाऱ्यास घराला कुडाची ताटी लावलेली दिसते. 'कुटुंब आढळून आले नाही' हा त्याचा शेरा खरा असतो. पण त्यावरून 'कुटुंब राहत नाही' असा निष्कर्ष काढणे खोटे ठरते.

लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात २०२५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, सहा महिने धान्य न उचललेल्या पत्रिका तात्पुरत्या निष्क्रिय करून तीन महिन्यांत प्रत्यक्ष पाहणी व ई-केवायसीद्वारे त्यांची पात्रता ठरवावयाची आहे. भट्टीचा हंगामही साधारण सहा-सात महिन्यांचाच असतो. हा योगायोग पेण-रोह्यातील वाड्यांच्या दृष्टीने अत्यंत गंभीर आहे. पाहणी हंगामाच्या काळात झाली, तर खरे कुटुंब खोटे ठरण्याचा धोका उद्भवतो.

या धोक्यावर उपाय उपलब्ध आहे. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेखाली आंतरराज्य धान्यवाटपाचा आरंभ ऑगस्ट २०१९ मध्ये झाला. त्या पहिल्या जोड्यांमध्ये महाराष्ट्र व गुजरात ही जोडी होती. जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश या योजनेत आले. आता पत्रिका न हलविता देशातील कोणत्याही ई-पॉस दुकानातून धान्य उचलता येते. धाटावच्या कारखान्यात काम करणारा परप्रांतीय मजूर रोह्यात धान्य घेऊ शकतो, तसेच पेणचे कातकरी कुटुंब भट्टीच्या गावी घेऊ शकते. कुटुंब विखुरले असेल तर भट्टीवर गेलेल्यांनी आपल्या वाट्याचा काही भाग तेथे घ्यावा आणि वाडीवर राहिलेल्या आजीने व नातवंडांनी उरलेला भाग येथे घ्यावा, अशीही सोय आहे. येथे कुटुंबाची नोंद एकसंध राहते आणि उचल मात्र दोन ठिकाणी होते. दुवा न तोडता माणसांना हालचालीची मोकळीक देणे, हे चांगल्या समूहनोंदीचे लक्षण होय. ही उचल नोंदली जात असल्यामुळे पत्रिकाही जिवंत राहते. मात्र त्यासाठी बाहेर पडण्यापूर्वी सर्व सदस्यांची आधार जोडणी पूर्ण असणे आणि पत्रिकेचा क्रमांक सोबत असणे आवश्यक आहे.

दुबार नोंदी आणि सारखी नावे

संगणक दोन सारख्या नोंदी चटकन शोधतो. परंतु त्या एकाच व्यक्तीच्या आहेत किंवा नाहीत, हे त्याला सांगता येत नाही. आगरी, कोळी वा कातकरी वस्तीत एकच नाव, एकच वडिलांचे नाव आणि एकच आडनाव असलेल्या दोन व्यक्ती असणे अगदी स्वाभाविक आहे. ज्यांची जन्मतारीख ठाऊक नव्हती अशा अनेकांच्या कागदपत्रांवर १ जानेवारी ही तारीख लिहिली गेलेली असते. त्यामुळे नाव व जन्मतारीख दोन्ही जुळूनही माणसे दोन असू शकतात. याउलट, 'पवार' व 'पवर', 'वाघमारे' व 'वाघमोरे' असे लेखनभेद झाल्याने एकच माणूस दोन ठरतो. म्हणून केवळ नावाच्या साम्यावरून नोंद कमी करू नये. नाव, वय, आईवडिलांची नावे, पत्ता आणि घरातील इतर माणसे असा सारा समूह ताडून पाहावा. एक माणूस दुसऱ्यासारखा असू शकेल, परंतु संपूर्ण कुटुंब सहसा दुसऱ्यासारखे नसते.

आधार जोडणीतील चूकही याच प्रकारची. पत्नीचा आधार क्रमांक सासूच्या नावापुढे जोडला गेला, तर सासूच्या मृत्यूनंतर नाव कमी करताना हयात सुनेचाच क्रमांक निघून जातो. आधार नाही एवढ्याच कारणावरून पात्र कुटुंबाचे नाव यादीतून कमी करू नये वा त्याला धान्य नाकारू नये, असे केंद्र शासनाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळविले आहे. शंका आली म्हणजे प्रथम घरी जाऊन चौकशी, नंतर लेखी सूचना आणि त्यानंतर दुरुस्ती, हा क्रम पाळला पाहिजे. दुरुस्ती कोणी, केव्हा व कोणत्या कागदाच्या आधारे केली हेही नोंदवून ठेवावे. तसे केल्यास चुकून कमी झालेले नाव परत आणणे सोपे जाते.

ग्रामपातळीवर काय करता येईल?

या कामी ग्रामपंचायतीचा वाटा मोठा आहे. जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदी करतानाच संबंधित कुटुंबास शिधापत्रिकेवरील बदलासाठी अर्ज करण्याची आठवण द्यावी. अधिनियमाच्या कलम ११ नुसार पात्र कुटुंबांची यादी लोकांपुढे ठेवावयाची असते. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविली, तर मृतांची, सासरी गेलेल्यांची आणि राहून गेलेल्यांची नावे लोकच सांगतात. मात्र यादी लावताना तीवर कोणाचाही आधार वा भ्रमणध्वनी क्रमांक असू नये. नाव जाहीर करणे कायद्याने आवश्यक आहे. खाजगी माहिती उघड करणे अयोग्य आहे.

दुकानस्तरीय दक्षता समितीने दिवाळीपूर्वी एक बैठक स्थलांतरासाठी राखून ठेवावी. कोणत्या वाडीवरील कोणती कुटुंबे बाहेर जाणार, कोणाची आधार जोडणी अपुरी आहे आणि घरी कोण मागे राहणार, याची यादी त्या बैठकीत करावी. पाहणीस येणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे ही यादी ठेवली म्हणजे बंद घराचा चुकीचा अर्थ लावला जाणार नाही. शक्य असेल तेथे पाहणीचे काम पावसाळ्यात, वाडी भरलेली असताना करावे.

शिक्षकांजवळ तर कुटुंबाची सर्वांत ताजी माहिती असते. पटावरील मुलांपैकी कोणाचे नाव पत्रिकेवर नाही, हे एका दिवसात कळू शकते. शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारीख दुरुस्तीच्या कामी आधार ठरते. आईवडील भट्टीवर गेले असता आजीजवळ राहणाऱ्या मुलाच्या वाट्याचे धान्य त्याच्या घरी येते काय, ही साधी चौकशीही उपयोगी पडते.

पुरवठा शाखेने विवाहामुळे झालेले बदल, विभक्त पत्रिकांचे अर्ज आणि निष्क्रिय ठरलेल्या पत्रिका यांचा दरमहा स्वतंत्र आढावा घेणे इष्ट ठरेल. कमी केलेल्या नावांची संख्या हे कामाचे मोजमाप मानले जाऊ नये. कमी केलेल्यांपैकी किती नावे दुसऱ्या पत्रिकेवर योग्य रीतीने दाखल झाली, हे खरे मोजमाप होय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा नागरिकास हक्क आहे. निर्णय मान्य नसल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यापुढे राज्य अन्न आयोग यांच्याकडे दाद मागता येते. पात्र व्यक्तीस धान्य न पुरविल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही अधिनियमात आहे. या वाटा दुकानाच्या फलकावर मराठीत लिहिलेल्या असाव्यात.

संगणकाने कुटुंबनोंदींचे काम वेगवान केले आहे. पण कुटुंब कोणते आणि त्यात कोण आहे, हे ठरविण्याचे काम अजूनही गावातील माणसांकडेच आहे. चूल जिथे पेटते तिथली माणसे आणि पत्रिकेवरची नावे यांचा मेळ बसला, तर रोह्याहून पेणला आलेली नवी सून, भट्टीवरून परतलेले कातकरी कुटुंब आणि धाकट्या मुलाकडे राहणारी म्हातारी या साऱ्यांपर्यंत त्यांच्या वाट्याचे धान्य पोहोचेल. त्यासाठी नवीन योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. आहे त्या नोंदी वेळेवर आणि विचारपूर्वक सांभाळल्या म्हणजे पुरे.